स्लो कधी टाकायचा

मागच्या वर्षी दिवाळी संपली आणि आठवड्याच्या आत माझा उजवा पाय घोट्यात मोडला. डोंबिवलीत आमच्या बिल्डिंगसमोरच रिक्षातून उतरत होते. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात फोन, आणि लक्ष फोनकडे. पाय फुटपाथच्या कडेवर अर्धाच टेकला आणि वळला. आवाज माझा मलाच ऐकू आला. रिक्षावाल्याने भाजी गोळा केली, मला परत आत बसवलं आणि सरळ दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे प्लास्टर, आणि तोवर पाय जमिनीला टेकवायचा नाही.

मी वीस वर्षं ठाण्याच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. सगळं काम उभ्याने. घरी बसायची मला सवय नव्हती आणि आवडही नव्हती. नवरा सकाळी आठला निघायचा तो संध्याकाळी सातला यायचा. आम्हाला मूलबाळ नाही. पहिले दोन दिवस मी टीव्ही पाहिला, तिसऱ्या दिवशी टीव्ही बंद करून पंख्याकडे पाहत बसले. त्याच दुपारी बेल वाजली. शेजारच्या काकूंकडे चावी दिलेली, त्यांनी दार उघडलं. दारात नवऱ्याची भाची उभी होती.

भाची तेव्हा ठाण्याच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती आणि राहायला कल्याणच्या पुढे, मोहन्याला. पाठीवरची बॅग सोफ्यावर टाकत ती म्हणाली, "मामी, मामाने सांगितलं मला. मी कॉलेज सुटलं की रोज येणार. जेवण गरम करून देईन, चहा करीन. नको म्हणायचं नाही."

"घरी सांगितलंयस?" मी विचारलं.

"सांगितलंय. आई काही बोलली नाही."

तिची आई म्हणजे माझी नणंद. आम्ही दोघी दोन वर्षं एकमेकींशी बोलत नव्हतो.

ते असं झालं होतं. सासरे मोहन्याच्या रेयॉनच्या फॅक्टरीत कामाला होते. सासूबाईंचा सगळा संसार तिथेच झाला. सासरे गेल्यावर त्या आमच्याकडे डोंबिवलीला आल्या आणि नणंद मोहन्याच्या घरात राहायला गेली. शेवटच्या आजारपणात सासूबाई सारख्या म्हणायच्या, मला माझ्या घरी न्या. नणंद म्हणाली, मी नेते. मी नाही म्हटलं. त्यांना ऑक्सिजन लागत होता, आमचा डॉक्टर खालच्याच गल्लीत होता, आणि मला ते बरोबर वाटत होतं. सासूबाई आमच्या घरी, आमच्या पलंगावर गेल्या. तेराव्याला सगळी माणसं बसलेली असताना नणंद मला म्हणाली, "आईला तिच्या घरी मरूसुद्धा दिलं नाहीस." मी म्हटलं, "आणि गेली चार वर्षं तुम्ही कुठे होतात?" तिथे सगळं थांबलं. त्यानंतर भाऊबीजेला नवरा एकटाच मोहन्याला जायचा. भाची मात्र आमच्याकडे येत-जात राहिली. तिने कुणाची बाजू घेतली नाही आणि कुणाचा निरोपही आणला नाही.

ती रोज तीनच्या सुमारास यायची. मला जेवायला वाढायची आणि मग खुर्चीत पाय वर घेऊन मोबाइलवर खेळत बसायची. मी एकदा विचारलं, काय असतं यात एवढं? तिने मला शेजारी सरकायला सांगितलं आणि दाखवलं.

डोंगरावरची एक बंद पडलेली फॅक्टरी. आत चार माणसं अडकलेली. पाचवा एक शिकारी, तोंडाला गोणपाट बांधलेला, हातात कोयता. तो एकटा, हे चौघे. पण तो यांच्यापेक्षा जोरात पळतो आणि हे त्याला मारू शकत नाहीत. चौघांनी फॅक्टरीतले चार बॉयलर पेटवायचे, म्हणजे मोठं गेट उघडतं. शिकाऱ्याने दोनदा कोयता मारला की माणूस खाली पडतो. मग शिकारी त्याला खांद्यावर टाकून पिंजऱ्यात नेऊन कोंडतो. बाकीचे येऊन सोडवू शकतात. तिसऱ्यांदा कोंडला गेला की तो खेळातून बाद. पाचही जण म्हणजे कुठेतरी बसलेली खरी माणसं. शिकारीसुद्धा.

"शिकारी कोण आहे आत्ता?" मी विचारलं.

"काय माहीत. असेल कुणी नागपूरचा, नाहीतर इंदूरचा."

मला ते विचित्र वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी मीच म्हटलं, माझ्या फोनवर पण टाकून दे.

तिने मला कंदीलवाली दिली. या खेळात प्रत्येकाला एक कसब असतं. भाची पळणारी घ्यायची, तिचा दम लवकर संपत नाही. मेकॅनिक नावाचा एक असतो, तो बॉयलर सगळ्यांपेक्षा लवकर पेटवतो पण पळण्यात अगदीच मंद. कंदीलवाली म्हणजे शाल पांघरलेली एक म्हातारी. तिने कंदील फेकला की फुटून निळा धूर होतो आणि त्या धुरात शिकारी सापडला तर चार सेकंद त्याचा वेग निम्मा होतो. मग कंदील पुन्हा भरायला दीड मिनिट लागतं. याला खेळणारे 'स्लो' म्हणतात. स्लो टाक, स्लो ठेव, स्लो आहे का, असं.

"तुझं काम एवढंच," भाची म्हणाली. "स्लो टाकायचा. सोप्पं आहे."

सोपं अजिबात नव्हतं. पहिल्या आठवड्यात मी दर वेळी मरत होते. शिकारी जवळ आला की फोनमधून छातीच्या ठोक्यांचा आवाज यायला लागतो. ठोके सुरू झाले की माझा अंगठा आपोआप कंदिलावर जायचा. धूर व्हायचा, शिकारी चार सेकंद रेंगाळायचा, मी मोकळ्या अंगणात धावत सुटायचे, आणि चार सेकंदांनी तो पुन्हा माझ्या मागे. उलट आता माझ्या हातात काही नसायचं.

"मामी, तू घाबरलीस की टाकतेस," भाची एकदा म्हणाली.

"मग कधी टाकायचा? घाबरल्यावरच ना?"

"तो कुठे आहे ते बघून टाकायचा. तू घाबरलीस की नाही त्याचा काय संबंध?"

मला तिचा जरा रागच आला. पण ती गेल्यावर मी जुन्या डायरीची मागची पानं काढली. लॅबमध्ये वीस वर्षं रजिस्टर भरलेलं, लिहिल्याशिवाय मला काही कळत नाही. प्रत्येक वेळी कंदील कुठे फेकला, तेव्हा शिकारी काय करत होता, आणि पुढे काय झालं, एवढंच लिहायला लागले. चार दिवसांत दोन पानं भरली. वाचून पाहिलं तर गोष्ट स्पष्ट होती. मोकळ्या जागेत टाकलेला एकही कंदील उपयोगी पडला नव्हता. चार सेकंदांत माणूस जाऊन जाऊन किती लांब जाणार? पण एकदा चुकून मी खिडकीच्या तोंडाशी टाकलेला, तेव्हा वाचले होते. खिडकीतून उडी मारायला शिकाऱ्याला तसाही वेळ लागतो. त्यात धूर असला की तो तिथेच अडकतो आणि आपण एक भिंत, एक जिना ओलांडून दिसेनासे होतो. चार सेकंद तेच, पण ते कुठे खर्च होतात त्यावर सगळं होतं.

दुसरी चूकही त्याच पानांवर सापडली. शिकाऱ्याने कोयता मारला की तो क्षणभर जागीच थांबतो, कोयता पुसतो. मला मार बसला की मी लगेच कंदील फेकत होते. म्हणजे तो थांबलेलाच असताना त्याला हळू करत होते.

भाचीला पानं दाखवली. ती आधी खूप हसली आणि मग नीट वाचली. "सही आहे मामी," म्हणाली, "हे मला पण माहीत नव्हतं. मी नुसती खेळते."

त्यानंतर मी सुधारले. मला ते जमलं याचं नवल वाटायला नको होतं. लॅबमध्ये सुई टोचायच्या आधी शीर बोटाखाली येईपर्यंत मी थांबतेच. समोरचा माणूस डोळे मिटून म्हणत असतो, मॅडम, लवकर करा. तरी थांबते. इथे फरक एवढाच की डोळे मिटून बसलेली मीच होते.

तिसऱ्या आठवड्यात भाचीची परीक्षा जवळ आली आणि ती रोज येईनाशी झाली. म्हणाली, आपण घरून खेळू, मी साडेपाचला तासभर ऑनलाइन येत जाईन. पहिल्या दिवशी आम्ही दोघी आणि खेळानेच जोडून दिलेले दोन अनोळखी. दुसऱ्या दिवशी एकच अनोळखी होता. चौथी जागा एका मेकॅनिकने घेतलेली. त्याचं बॉयलरचं काम अगदी नेटकं होतं, पण पळताना भिंतींना आपटत होता.

"हा कोण गं?" मी माइकवर विचारलं.

भाचीने आधी हातातला बॉयलर पेटवून घेतला. मग म्हणाली, "आई आहे. माझ्या जुन्या फोनवरून. तिचा माइक बंद आहे."

माझी कंदीलवाली होती तिथेच उभी राहिली.

"मामी, तू असलीस तरी मी खेळू का असं तिने मला विचारलं. मी म्हटलं खेळ. तुला नको असेल तर सांग."

"तिला माहितीये मी आहे?"

"म्हणून तर विचारत होती."

"खेळू दे," मी म्हटलं.

पुढे जवळजवळ दोन आठवडे आम्ही तिघी तसंच खेळलो. माझा माइक भाचीसाठी चालू. नणंदेचा कायम बंद. त्या दोघी एकाच घरात, शेजारच्या खोल्यांत. नणंद जे म्हणेल ते भाची मला सांगायची. "आई म्हणते ती वरच्या बॉयलरला चाललीये." "आई विचारते, मामीचा स्लो आहे का." मी म्हणायचे, "सांग, आहे." कधीकधी तिचं बोलणं मागून अस्पष्ट ऐकूही यायचं, पण आम्ही दोघी न ऐकल्यासारखं करायचो. शिकारी मेकॅनिकला शोधतच असतो, त्यामुळे नणंद सारखी अडचणीत यायची आणि तिला सोडवायला मला जावं लागायचं. यातून मी आणखी एक शिकले. शिकारी कुणाला खांद्यावर टाकून पिंजऱ्याकडे नेत असतो, तेव्हा टाकलेल्या कंदिलाचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. खांद्यावरचा माणूस सुटायची धडपड करत असतो, त्याला थोडासाच वेळ कमी पडत असतो. धूर झाला की तो वेळ मिळतो. मी नणंदेला असं सहा-सात वेळा सोडवलं असेल. दर वेळी ती खांद्यावरून सुटली की क्षणभर माझ्याकडे तोंड करून उभी राहायची आणि मग पळायची. खेळात त्या उभं राहण्याचा काही उपयोग नसतो.

एक दिवस भाची नवी मुंबईला मैत्रिणीकडे नोट्स आणायला गेलेली. परतताना बसमधूनच खेळायला आली. मी तिला ओरडले, तर म्हणाली, "शीळफाट्याला ट्रॅफिक आहे, बस हलतच नाहीये, काय करू?" सुरुवात बरी झाली. तीन बॉयलर पेटले. मग आमच्यातला अनोळखी बाद झाला. आणि त्याच सुमारास भाचीचं नेटवर्क गेलं. तिची पळणारी अंगणाच्या मधोमध पुतळ्यासारखी उभी राहिली आणि शिकाऱ्याने तिला आरामात उचललं. आधी दोनदा कोंडली गेलेली, त्यामुळे तीही बाद. फॅक्टरीत राहिलो मी आणि नणंद. मधे बोलायला कुणी नाही.

नणंद शेवटच्या बॉयलरवर होती, वरच्या मजल्यावर लोखंडी जाळीच्या फलाटावर. मी खाली, एका खोलीत खिडकीजवळ. शिकारी माझ्या मागे होता आणि मला तेच हवं होतं. तो माझ्यामागे असेपर्यंत ती बॉयलर पेटवू शकत होती. मग ठोक्यांचा आवाज एकदम कमी झाला. मला वाटलं तो मला सोडून तिच्याकडे निघाला. मी खोलीतून बाहेर यायला वळले.

"वहिनी, बाहेर येऊ नकोस."

दोन वर्षांनी नणंद थेट माझ्याशी बोलत होती. तिने माइक चालू केला होता.

"तो गेला नाहीये," नणंद म्हणाली. "भिंतीच्या मागे उभा आहे. मला वरून दिसतोय. तुझा कंदील फुकट घालवायचा म्हणून खोटं करतोय."

"बरं," मी म्हटलं. परत खिडकीपाशी सरकले.

"स्लो आहे ना?"

"आहे."

"मग थांब. माझं थोडंच राहिलंय."

ठोके पुन्हा वाढले. तो दारातून आत आला. माझा अंगठा कंदिलावर होता.

"टाकू?"

"नको."

"ताई, अगदी जवळ आलाय."

"येऊ दे. आधी तू खिडकीतून उडी मार. तो खिडकीत आला की टाक."

मी उडी मारली. मागे वळून पाहायची वेळ नव्हती, मी तिच्या आवाजाकडे कान लावून पळत होते.

"आता! आता टाक!"

मी मागे फेकला. काच फुटल्याचा आवाज आला, निळा धूर खिडकीभर पसरला आणि शिकारी चौकटीत अर्धा आत, अर्धा बाहेर अडकला. मी दोन भिंती ओलांडल्या. तेवढ्यात वर चौथा बॉयलर पेटला आणि भोंगा झाला. गेट उघडलं.

आता त्याला मी नको होते. तो जिन्याने तिच्याकडे निघाला. नणंद दुसऱ्या जिन्याने उतरली. मेकॅनिक मुळात मंद, त्यात गेट लांब. माझा कंदील भरायला दीड मिनिट. तिने तो वेळ कसा काढला ते मी पाहिलं. पाण्याच्या टाकीभोवती ती गोल फिरत राहिली. तो उजवीकडून आला की ती डावीकडे. एक फटका खाल्ला तरी पडली नाही. मी तोवर गेटच्या बाजूच्या भिंतीशी जाऊन उभी राहिले. मी तेव्हाच बाहेर जाऊ शकले असते. माझ्यापासून गेट चार पावलांवर होतं.

"भरला," मी म्हटलं. "ताई, सरळ या."

ती टाकी सोडून निघाली. तो मागे. आता मला कुणी सांगायला नको होतं. ती माझ्यासमोरून गेली, तो माझ्यासमोर आला, आणि मी गेटच्या तोंडातच कंदील फोडला. ती बाहेर पडली. तो धुरातच वळला आणि मला मारलं. मी आधीच एक फटका खाल्लेला, त्यामुळे पडले. माझीही ती तिसरी वेळ होती. खेळ संपला. चौघांत एक वाचली.

पडद्यावर निकाल आला. खेळ संपला तरी आवाज चालू राहतो, जोवर कुणी बाहेर पडत नाही तोवर. मी बाहेर पडले नाही. तीही पडली नाही. तिच्याकडच्या कुकरची शिट्टी ऐकू आली.

"तू आधी का नाही गेलीस?" तिने विचारलं.

"तुम्हाला जमलं नसतं एकटीला."

"नसतं जमलं," ती म्हणाली. आणि मग, "पाय कसा आहे?"

"बरा आहे. प्लास्टरच्या आत खाज येते."

"विणायची सुई घाल आत. आईचा हात मोडलेला तेव्हा आम्ही तेच करायचो."

"तसं करायचं नसतं, ताई. आत जखम होते, कळत नाही."

"हो का? मग नको घालू."

तेवढ्यात भाचीचा आवाज आला. "हॅलो? नेट आलं. काय झालं? कोण वाचलं?" आणि मग, "थांबा. तुम्ही दोघी बोलताय?"

"तू बस कुठे पोचली ते बघ," नणंद म्हणाली. "आणि फोन आत ठेव."

नवरा सातला आला तेव्हा मी त्याला सांगितलं. तो बूट काढत होता. एक बूट हातात धरून तो माझ्याकडे बघत राहिला. "ती काय म्हणाली?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "कंदील कधी टाकायचा ते सांगितलं." त्याला काहीच कळलं नाही. मग मी पहिल्यापासून सगळं सांगितलं.

प्लास्टर निघालं त्या रविवारी नणंद डोंबिवलीला आली. सोबत डब्यात वालाचं बिरडं. भाची मुद्दामच आली नाही, अभ्यास आहे म्हणाली. नवरा दूध आणायला म्हणून खाली गेला आणि तासभर वर आला नाही. आम्ही दोघी हॉलमध्ये बसलो. माझा पाय स्टुलावर, सुकलेला, पांढरा पडलेला. सासूबाई गेल्या तो पलंग अजून तिथेच होता, खिडकीला लागून. ती त्याच्याकडे बघत नव्हती.

बराच वेळ खेळाचंच बोललो. तिने सांगितलं की पहिल्यांदा ती फॅक्टरी बघितली तेव्हा तिला हसू आलं. लहानपणी वडिलांचा डबा घेऊन ती खऱ्या फॅक्टरीच्या गेटपर्यंत जायची. आत जायला मिळायचं नाही, म्हणून आत काय असेल याचं मनाशी चित्र काढायची. "आता बॉयलर पण पेटवला," ती म्हणाली.

मग ती म्हणाली, "वहिनी, मी खरं सांगते. मला अजून वाटतं, आईला चार दिवस तरी न्यायला हवं होतं."

"आणि मला अजून वाटतं, नेलं नाही ते बरोबर होतं."

"माहितीये मला."

"पण मी कारण सांगितलं ते पूर्ण खरं नव्हतं," मी म्हटलं. हे मी नवऱ्यालाही कधी बोलले नव्हते. "डॉक्टर जवळ आहे, ऑक्सिजन आहे, ते होतंच. पण मी घाबरलेले. वाटेत त्यांना काही झालं असतं तर सगळे म्हणाले असते, हिने पाठवल्या. वीस वर्षं लॅबमध्ये आहे, हिला कळायला नको? म्हणून नाही म्हटलं. त्यांना काय हवंय ते मी विचारातच घेतलं नाही."

ती पदराच्या टोकाला पीळ देत होती. सासूबाईंची पण तशीच सवय.

"हे तेव्हा सांगायचंस," शेवटी म्हणाली.

"तेव्हा तुम्ही ऐकलं असतंत?"

तिने विचार केला. "नाही. भांडलेच असते." मग म्हणाली, "आणि तू म्हणालेलीस ना, चार वर्षं कुठे होतात, ते मला लागलं, कारण खरं होतं. माझ्याकडे तेव्हा सासरे अंथरुणाला खिळलेले, ते तुला माहीत होतं. तरी मला यायला जमलं असतं. महिन्यातून एकदा तरी."

यावर हो म्हणणं बरं दिसलं नसतं आणि नाही म्हणणं खोटं झालं असतं. ती उठली, बिरडं गरम करायला ठेवलं आणि आतून विचारलं, "तुमच्याकडे कोकम कुठे ठेवता?" मी सांगितलं. नवरा दूध घेऊन आला तेव्हा आम्ही जेवत होतो.

जानेवारीत मी कामावर गेले. सुरुवातीला दुपारनंतर पाय सुजायचा, आता सुजत नाही. लॅबमधल्या मुलींना मी खेळते हे कळलं तेव्हा त्यांनी माझा फोन काढून घेऊन खात्री करून घेतली. भाची पास झाली आणि तिला ठाण्यातच नोकरी लागली. ती आता फारशी खेळत नाही. म्हणते, दिवसभर स्क्रीनच बघते गं मामी, डोळे जातात. मी आणि नणंद मात्र रविवारी संध्याकाळी खेळतो. बाकीचे दोघे कुणीतरी अनोळखी असतात. मागे एका मुलाने आमचं बोलणं ऐकून हिंदीत विचारलं, "आँटी लोग हो क्या?" नणंद म्हणाली, "हो, आहोत. तू डावीकडच्या बॉयलरला जा." तो निमूट गेला.

नणंदेचं आणि माझं सगळ्यावर पटतं असं नाही. भाचीच्या लग्नाचा विषय निघाला की आम्ही वेगळ्या बाजूंना असतो, आणि ती फोनवर आवाज चढवते. मीही चढवते. मग दोन-तीन दिवस कुणी फोन करत नाही. पण रविवार आला की ती ऑनलाइन दिसते.

गेल्या महिन्यात खेळात बदल झाला. कंदिलाचा धूर आता चारऐवजी तीनच सेकंद टिकतो. बऱ्याच जणांनी कंदीलवाली सोडून दिली. नणंद म्हणाली, तूही दुसरं काही घे. मी घेतलं नाही. तीन सेकंदांत खिडकी पुरत नाही, हे पहिल्या दोन खेळांतच कळलं. अरुंद जिन्यावर टाकला तर पुरतो की काय ते बघायचं आहे. डायरीची मागची पानं संपली म्हणून नवी वही आणली आहे. कालच्या रविवारी आम्ही लागोपाठ तीन खेळ हरलो. तिसऱ्यात नणंद जिन्यावरच सापडली आणि पिंजऱ्यातून मला ओरडत होती, "अगं, आधी टाकलास! अजून एक पायरी वर येऊ द्यायचं!"

बरोबर होतं तिचं. मी लिहून ठेवलं.